चिन्हापुढचा मजकूर वेगळा कसा काढायचा: स्ट्रिंग कापण्याची पायरीवार पद्धत

सेटिंग फाईलमधली ओळ असो, लॉगमधली नोंद असो की फाईलचं नाव, प्रोग्रामिंग शिकायला बसलं की हे काम लवकरच समोर येतं: मजकुरात (प्रोग्रामिंगच्या भाषेत स्ट्रिंगमध्ये) एक ठरावीक चिन्ह आहे आणि त्याच्या पुढचा भाग आपल्याला हवा आहे. त्या चिन्हाला डिलिमिटर म्हणतात. इथे त्याला विभाजक म्हणू. काम दोन ओळींचं असतं, म्हणूनच घाईत उरकलं जातं. नमुन्याच्या ओळीवर सगळं नीट चालतं. मग कधीतरी विभाजक नसलेली ओळ येते, किंवा तोच विभाजक दोनदा असलेली, आणि प्रोग्राम जराही कुरकुर न करता चुकीचं उत्तर देऊन पुढे जातो. चिन्ह सापडलं नाही तर काय करायचं, हे आधी ठरवलेलं नसतं. खालच्या पायऱ्यांचा भर मुख्यतः त्यावर आहे.

लिखाणाबद्दल एक सूचना. या लेखात फंक्शनांची नावं आणि आकडे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये फंक्शनांची नावं आणि कोडमधले आकडे रोमन लिपीतच टाईप करायचे. नेमकं स्पेलिंग एडिटर सुचवतोच. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीतही चालतात.

पायरी १: आधी ओळ बघा, मग कोड

पुढे बराच वेळ हीच ओळ वापरू:

"वेळ: १०:३०"

विभाजक ":" आहे. त्याच्या पुढचा मजकूर कोणता? पहिल्या कोलनपासून मोजलं तर " १०:३०", शेवटच्या कोलनपासून मोजलं तर "३०". दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यामुळे पहिला निर्णय: विभाजक अनेकदा आला तर कितवा धरायचा?

साधारण अंदाज असा. डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत असेल, तर पहिला विभाजक धरायचा, कारण किंमतीत पुन्हा तेच चिन्ह येऊ शकतं. टोकन साठवलेल्या सेटिंग फाईलमध्ये हे हमखास दिसतं: बेस६४ पद्धतीनं लिहिलेल्या मजकुराच्या शेवटी बऱ्याचदा "=" किंवा "==" असतं, आणि ओळीतला विभाजकही "=" असतो. तिथे शेवटचा विभाजक धरला तर हाती रिकामी स्ट्रिंग येते. एचटीटीपी हेडरचंही तसंच, नावानंतरचा पहिला कोलनच खरा. पुढे तारखेतल्या वेळेत आणखी कोलन असतात. उलट फाईलचं एक्स्टेन्शन किंवा ईमेल पत्त्यातला डोमेन हवा असेल तर शेवटचा विभाजक धरायचा. ईमेलच्या नियमांनुसार "@" च्या आधीचा भाग अवतरणचिन्हांत असेल तर त्यात आणखी एक "@" येऊ शकतो. असे पत्ते क्वचित दिसतात, पण शेवटचा "@" धरायला वेगळा खर्च येत नाही, तर तोच धरा.

दुसरा निर्णय: विभाजक नसेलच तर काय परत द्यायचं? पूर्ण ओळ, रिकामी स्ट्रिंग, "काहीच नाही" अशी खूण, की एरर? तिसरा: विभाजकाच्या पुढचं सगळं शेवटपर्यंत हवंय, की पुढच्या विभाजकापर्यंतच? "तारीख|नाव|गुण" अशा ओळीत दुसरा रकाना हवा असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याला स्प्लिट, म्हणजे प्रत्येक विभाजकावर कापून तुकड्यांची यादी देणारं फंक्शन, लागेल.

ही तीन उत्तरं कागदावर लिहा किंवा फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये टाका. नवशिक्यांचा नव्वद टक्के गोंधळ भाषेमुळे नसतो, उत्तरं न ठरवता टाईप करायला सुरुवात केल्यामुळे असतो.

पायरी २: शोधा, विभाजक ओलांडा, शेवटपर्यंत घ्या

कोणत्याही भाषेत चालणारी मूळ पद्धत ही. आधी विभाजकाची जागा शोधायची, मग त्या जागेत विभाजकाची लांबी मिळवायची, आणि तिथून शेवटपर्यंतचा तुकडा घ्यायचा. पायथनमध्ये:

जागा = ओळ.फाइंड(":")
पुढचा = ओळ[जागा + १:]

मोजणी शून्यापासून होते. "वेळ" हा शब्द कानाला दोन अक्षरांचा वाटतो, पण संगणकाच्या लेखी व, एकाराची मात्रा आणि ळ असे तीन कोड पॉइंट (युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक असलेल्या खुणा) आहेत. ते ०, १, २ या जागांवर बसतात. म्हणून फाइंड ३ देतं. ३ + १ = ४, आणि ४ या जागेपासून " १०:३०" मिळतं. सुरुवातीची स्पेसही सोबत येते. तिचं पायरी ५ मध्ये बघू.

"+ १" हे फक्त एका चिन्हाच्या विभाजकासाठी ठीक आहे. विभाजक "=>" किंवा "::" असेल तर २ मिळवावे लागतात. आकडा हातानं लिहू नका. लेन(विभाजक) लिहा, म्हणजे उद्या विभाजक बदलला तरी कोड मोडणार नाही.

आता खरी खोच. विभाजक नसेल तर फाइंड −१ देतं. जावा आणि जावास्क्रिप्टमधलं इंडेक्सऑफही तेच करतं. −१ मध्ये १ मिळवला की ० होतो. शून्यापासून शेवटपर्यंत म्हणजे पूर्ण ओळ. म्हणजे "वेळ" एवढीच ओळ आली तर उत्तर "वेळ" येतं. एरर नाही, इशारा नाही, आणि पुढचा कोड ते खरं मूल्य समजून वापरतो. विभाजक दोन चिन्हांचा असेल तर −१ + २ = १, म्हणजे पहिली खूण गळते आणि हाती "ेळ" येतं, बिनअक्षराची मात्रा, स्क्रीनवर ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली. असलं काही दिसलं तर कापण्याची जागा चुकली आहे, हे लगेच ओळखा.

तिसरा प्रकार: विभाजकासकट पुढचा भाग हवा म्हणून काही जण काहीच न मिळवता थेट ओळ[जागा:] घेतात. विभाजक नसला की तो −१ तसाच स्लाइसमध्ये, म्हणजे तुकडा कापणाऱ्या चौकटी कंसात, जातो आणि शेवटचं एक चिन्ह हाती येतं. जावास्क्रिप्टच्या स्लाइसमध्येही असंच होतं.

उपाय एकच, तपासणी आधी:

जागा = ओळ.फाइंड(":")
जर जागा == −१: विभाजक नाही, ठरवलेलं उत्तर परत द्या
नाहीतर: ओळ[जागा + १:] परत द्या

तपासणी लिहिताना जावास्क्रिप्टमध्ये "जर इंडेक्सऑफ" एवढंच लिहून थांबू नका. तिथे −१ खरा धरला जातो आणि ० खोटा. म्हणजे विभाजक नसताना अट पास होते आणि विभाजक पहिल्याच जागी असताना नापास. नेमकं उलटं. पीएचपीतलं स्ट्रपॉस विभाजक नसल्यास फॉल्स देतं आणि पहिल्या जागी असल्यास ०. तिथे दोन बरोबरच्या चिन्हांची तुलना दोघांना सारखंच मानते, म्हणून तीन बरोबरची चिन्हं असलेली "===" तुलना लागते.

पायथनमध्ये फाइंडऐवजी इंडेक्स वापरलं तर विभाजक नसताना थेट व्हॅल्यूएरर येते. विभाजक असायलाच हवा अशी ओळ असेल तर हेच बरं. चुकीचं उत्तर गुपचूप पुढे जाण्यापेक्षा प्रोग्राम जागीच थांबलेला परवडतो.

पायरी ३: तुमच्या भाषेत तयार हत्यार आहे का ते बघा

पायथन वापरत असाल तर पार्टिशन शिका आणि पायरी २ मधला हिशेब विसरा:

आधीचा, चिन्ह, पुढचा = ओळ.पार्टिशन(":")

हे नेहमी तीनच तुकडे देतं. पहिल्या विभाजकावर कापतं, पुढचे विभाजक तसेच ठेवतं. विभाजक नसेल तर पहिल्या तुकड्यात पूर्ण ओळ आणि बाकी दोन रिकामे. म्हणून "वेळ:" आणि "वेळ" या दोन ओळींमधला फरक मधल्या तुकड्यावरून कळतो: पहिलीत चिन्ह ":" असतं, दुसरीत रिकामं. दोन्हींत "पुढचा" रिकामाच असतो, त्यामुळे नुसता तोच बघून निर्णय घेऊ नका. "किंमत दिलेली नाही" आणि "ओळच बिघडलेली आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गो भाषेत १.१८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, स्ट्रिंग्ज पॅकेजमध्ये कट आहे. ते आधीचा भाग, पुढचा भाग आणि सापडलं की नाही अशी तीन मूल्यं देतं. रस्टमध्ये २०२१ च्या १.५२ पासून स्प्लिट_वन्स आहे. विभाजक नसेल तर ते नन देतं आणि त्याची दखल घेतल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. आमच्या मते या कामासाठी सगळ्यात शिस्तीची रचना हीच.

कोटलिनचं सबस्ट्रिंगआफ्टर वाचायला फार सुटसुटीत आहे, पण विभाजक नसला तर ते पूर्ण मूळ स्ट्रिंग परत देतं. ते नको असेल तर दुसऱ्या जागी पर्यायी उत्तर द्यायचं, उदाहरणार्थ रिकामी स्ट्रिंग. जावाच्या अपाची कॉमन्स लायब्ररीत याच नावाचं फंक्शन आहे आणि ते विभाजक नसताना रिकामी स्ट्रिंग देतं. नाव एक, वागणं वेगळं. जावाचा कोड कोटलिनमध्ये हलवताना इथे ठेच लागते.

सी मध्ये स्ट्रसीएचआर पहिल्या चिन्हाचा पॉइंटर देतं, स्ट्रआरसीएचआर शेवटच्याचा, आणि एकाहून जास्त चिन्हांच्या विभाजकासाठी स्ट्रस्ट्र आहे. सापडलं नाही तर नल. तो न तपासता एक मिळवून वाचायला गेलात तर प्रोग्राम बहुधा तिथेच कोसळेल. स्ट्रटॉक या कामाला घेऊ नका. ते मूळ स्ट्रिंगमध्येच बदल करतं आणि ओळीनं आलेले दोन विभाजक एकच धरतं, म्हणजे रिकामा रकाना नाहीसा होतो.

सी शार्पमध्ये इंडेक्सऑफला एकच चिन्ह कॅरॅक्टर म्हणून दिलं तर तुलना सरळ होते. स्ट्रिंग म्हणून दिलं तर ती भाषेच्या सेटिंगनुसार होते, तेव्हा ऑर्डिनल (थेट चिन्हांच्या कोडची) तुलना हवी असं स्पष्ट सांगा.

शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावानंतर महिरपी कंसात #*: लिहिलं की पहिल्या कोलनपर्यंतचं कापलं जातं, ##*: लिहिलं की शेवटच्यापर्यंतचं. कोलन नसला तर मूल्य जसंच्या तसं राहतं. कट कमांड वापरत असाल तर रकान्याच्या आकड्यानंतरची आडवी रेघ विसरू नका: "२" म्हणजे फक्त दुसरा रकाना, "२-" म्हणजे दुसऱ्यापासून शेवटपर्यंत सगळे. विभाजक नसलेली ओळ कट पूर्ण छापतं. ती गाळायची असेल तर −एस हा पर्याय द्यावा लागतो.

डेटाबेसमध्ये मोजणी १ पासून असते. मायएसक्यूएलचं लोकेट आणि एसक्यूएल सर्व्हरचं चारइंडेक्स विभाजक नसल्यास ० देतात. त्यात १ मिळवला की १, म्हणजे पुन्हा पूर्ण मजकूर. सापळा तोच, आकडे वेगळे. मायएसक्यूएलमधलं सबस्ट्रिंग_इंडेक्स −१ देऊन वापरलं तर शेवटच्या विभाजकापुढचं मिळतं, पहिल्यापुढचं नाही. एकच विभाजक असलेल्या नमुन्यांवर हा फरक दिसत नाही, म्हणून तो उशिरा कळतो. पोस्टग्रेसमधलं स्प्लिट_पार्ट फक्त मागितलेला तुकडा देतं. आपल्या ओळीवर दुसरा तुकडा मागितलात तर " १०" मिळेल, "३०" मागेच राहील.

एक्सेलमध्ये कोणत्याही आवृत्तीत चालणारं सूत्र हे:

=मिड(ए२, फाइंड(":", ए२) + १, लेन(ए२))

शेवटी लेन दिलंय ते "जितकं उरलंय तितकं सगळं" एवढ्यासाठी. जास्त लांबी मागितली तरी मिड तक्रार करत नाही. कोलन नसेल तर व्हॅल्यूची एरर येते, तिला इफएररमध्ये गुंडाळा. नव्या आवृत्त्यांत टेक्स्टआफ्टर आहे, ते विभाजक नसताना एन/ए दाखवतं.

पायरी ४: स्प्लिट वापरायचंच असेल तर मर्यादा द्या

बहुतेक जण या कामासाठी पहिल्यांदा स्प्लिटकडेच वळतात: ओळ.स्प्लिट(":")[१]. आपल्या ओळीवर याचं उत्तर " १०" येतं. "३०" तिसऱ्या तुकड्यात पडून राहिलं. आणि कोलन नसलेल्या ओळीवर एकच तुकडा मिळतो, त्यामुळे [१] मागितल्यावर पायथनमध्ये इंडेक्सएरर आणि जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइंड.

म्हणून मर्यादा द्यायची. पण त्या आकड्याचा अर्थ भाषेगणिक बदलतो. पायथनमध्ये तो "किती वेळा कापायचं" हे सांगतो, म्हणून १ द्यायचा: ओळ.स्प्लिट(":", १). जावा, गो, सी शार्प आणि पीएचपीत तो "जास्तीत जास्त किती तुकडे" हे सांगतो, म्हणून २. या सगळ्यांत उत्तर सारखंच: "वेळ" आणि " १०:३०".

जावास्क्रिप्टमध्येही २ दिला तर दोन तुकडे मिळतात, पण ते "वेळ" आणि " १०". तिथे आधी सगळीकडे कापलं जातं आणि मर्यादेपलीकडचे तुकडे फेकून दिले जातात. उरलेला मजकूर शेवटच्या तुकड्यात जमा होत नाही. दुसऱ्या भाषेतून येणारा माणूस इथे फसतोच. जावास्क्रिप्टमध्ये या कामासाठी इंडेक्सऑफ आणि स्लाइस ही जोडीच धरा.

जावाच्या स्प्लिटची आणखी दोन दुखणी आहेत. एक, त्याला दिलेला विभाजक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना, मानला जातो. तिथे "." म्हणजे कोणतंही चिन्ह, त्यामुळे "." वर कापायला गेलात तर रिकामा अॅरे हाती येतो. "|" दिला तर मजकुराचं एकेक चिन्ह सुटं होतं. "\\." आणि "\\|" असं लिहा, किंवा विभाजक पॅटर्न.कोट मधून द्या. दुसरं, मर्यादा न दिल्यास शेवटचे रिकामे तुकडे टाकून दिले जातात. "नाव:" या ओळीत कोलन आहे, तरी तुकडा एकच मिळतो आणि [१] वर प्रोग्राम पडतो. मर्यादा २ दिली की दुसरा तुकडा रिकामा का होईना, पण मिळतो.

पायथनमध्ये कंसात काहीच न देता स्प्लिट केलं तर सलग स्पेस, टॅब आणि नवी ओळ हे सगळं मिळून एक विभाजक धरलं जातं. एक स्पेस देऊन केलं तर प्रत्येक स्पेस वेगळी. दोन शब्दांत चुकून दोन स्पेस पडल्या असतील तर दुसऱ्या पद्धतीत मध्ये एक रिकामा तुकडा उगवतो.

शेवटचा विभाजक हवा असेल तेव्हा उजवीकडून कापणारी भावंडं घ्या: पायथनमध्ये आरपार्टिशन आणि आरस्प्लिट, जावा-जावास्क्रिप्टमध्ये लास्टइंडेक्सऑफ. आरपार्टिशनची एक खोड लक्षात ठेवा. विभाजक नसेल तर पूर्ण मजकूर तिसऱ्या तुकड्यात येतो, पार्टिशनच्या बरोबर उलट. म्हणजे बिंदू नसलेल्या फाईलच्या नावावर चालवलं तर पूर्ण नावच एक्स्टेन्शन म्हणून हाती येईल. फाईलच्या नावांसाठी मुळात हातानं कापूच नये. फोल्डरच्या नावात बिंदू असू शकतो, नाव बिंदूनंच सुरू होऊ शकतं, पायथनच्या ओएस.पाथ मधलं स्प्लिटएक्स्ट या दोन्ही गोष्टी सांभाळतं.

पायरी ५: हाती आलेला तुकडा झाडून घ्या

" १०:३०" च्या सुरुवातीची स्पेस काढायला पायथनमध्ये स्ट्रिप, जावास्क्रिप्टमध्ये ट्रिम. विंडोजवर बनलेली फाईल दुसरीकडे वाचत असाल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न उरलेला असू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण तुलना करताना "होय" आणि शेपटीत तो असलेलं "होय" समान ठरत नाहीत. स्ट्रिप त्यालाही काढतं.

वेब पानावरून किंवा वर्ड फाईलमधून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, कोड पॉइंट यू+००ए०. ती पायथनचं स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टचं ट्रिम काढतात. जावाचं ट्रिम काढत नाही, आणि जावा ११ मध्ये आलेलं स्ट्रिपही नाही. एक्सेलचं ट्रिमही तिला हात लावत नाही. शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी, तर पायथनच्या स्ट्रिपलाही दाद देत नाही.

स्ट्रिपच्या जोडीला असलेल्या एलस्ट्रिपचा गैरवापर फार होतो. "नाव:" हा सुरुवातीचा भाग काढण्यासाठी कुणी ओळ.एलस्ट्रिप("नाव:") लिहितं. एलस्ट्रिप त्या शब्दाला शब्द मानत नाही. न, काना, व आणि कोलन यांपैकी जे समोर येईल ते काढत सुटतं. "नाव:वामन" वर चालवा: "नाव:" जातं, पुढचा व आणि काना तेही त्या यादीत आहेत म्हणून जातात, म पाशी थांबतं. वामनचा "मन" झाला. "नाव:सुमन" वर मात्र उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लपते. सुरुवातीचा ठरावीक शब्द काढायला पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रिफिक्स आहे.

मराठी मजकुरावर काम करताना विभाजकच खोटा निघण्याची शक्यता धरून चाला. मराठी कीबोर्डवर टाईप करताना कोलनच्या जागी विसर्ग पडलेला सर्रास सापडतो: "नावः" आणि "नाव:" या दोन्ही पडद्यावर जवळपास सारख्याच. पण विसर्ग यू+०९०३ आहे आणि कोलन यू+००३ए. कोड कोलन शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि पायरी २ मधला −१ येतो. दंड "।" आणि पाईप "|" यांचंही तेच. हायफनच्या जागी वर्ड आपोआप लांब रेघ टाकतं, तीही वेगळी. "समोर दिसतंय की, मग सापडत का नाही?" असं वाटलं की पहिल्यांदा त्या चिन्हाचा कोड पॉइंट छापून बघा. पायथनमध्ये हेक्स(ऑर्ड(चिन्ह)), जावास्क्रिप्टमध्ये कोडपॉइंटअॅट. दोन मिनिटांत निकाल लागतो. अशा फायली वारंवार येत असतील तर कापण्याआधी बदल करून घ्यावा लागतो, पण सगळे विसर्ग सरसकट कोलनमध्ये बदलू नका. "दुःख" आणि "अंतःकरण" मोडतील. ठाऊक असलेल्या रकान्याच्या नावाला लागून आलेला विसर्गच बदला.

काढलेला तुकडा आकडा म्हणून वापरायचा असेल तर आणखी एक गंमत. पायथनमधलं इंट("१०") देवनागरी अंक समजतं आणि दहा देतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र नॅन ("हा आकडा नाही" अशी खूण) देऊन हात वर करतं.

पायरी ६: मोजमाप एकाच मापानं करा

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पीएचपीतलं स्ट्रपॉस बाइट मोजतं, एमबी_स्ट्रपॉस चिन्हं मोजतं. "वेळ: १०:३०" मध्ये पहिलं कोलनची जागा ९ सांगेल, दुसरं ३. दोन्हीपैकी कोणतंही चालेल, पण जोडी जुळली पाहिजे: स्ट्रपॉससोबत सबस्ट्र, एमबी_स्ट्रपॉससोबत एमबी_सबस्ट्र. स्ट्रपॉसच्या ९ मध्ये १ मिळवून तो १० एमबी_सबस्ट्रला दिला तर ते अकराव्या चिन्हापासून कापायला जाईल. ओळ एकूण १० चिन्हांची आहे, म्हणजे हाती रिकामी स्ट्रिंग. नुसत्या रोमन मजकुरावर दोन्ही आकडे सारखेच येत असल्यामुळे ही चूक मराठी ओळ येईपर्यंत झाकलेली राहते.

पायरी ७: रेग्युलर एक्स्प्रेशन कधी, लायब्ररी कधी

विभाजक एकच, ठरलेला असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनची गरज नाही. कोलन किंवा बरोबर यांपैकी काहीही चालणार असेल, आजूबाजूला कितीही स्पेस असतील, तेव्हा ते कामाला येतं. ".*:(.*)" यातला पहिला ".*" हावरट आहे, तो शक्य तितकं गिळतो आणि शेवटच्या कोलनपाशीच थांबतो. पहिला कोलन हवा असेल तर "^[^:]*:(.*)" लिहा, म्हणजे सुरुवातीपासून कोलन नसलेली चिन्हं, मग कोलन, मग उरलेलं. आणि "." नेहमीच्या सेटिंगमध्ये नवी ओळ ओलांडत नाही, मजकूर अनेक ओळींचा असेल तर पहिली ओळ संपली की तुकडाही संपतो.

सीएसव्ही, जेसन, यूआरएल आणि एचटीएमएल मात्र हातानं कापू नका. सीएसव्हीत अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम हा विभाजक नसतो, आणि स्प्लिटला ते कळायचं काही कारण नाही. यूआरएलमध्ये "?" नंतरचा भाग कापला तर "#" पासूनचा तुकडाही सोबत येतो, शिवाय टक्क्याच्या चिन्हांनी लिहिलेली अक्षरं उलगडायची राहतात. प्रत्येक भाषेत याची तयार लायब्ररी आहे. पायथनमध्ये सीएसव्ही आणि यूआरएललिब.पार्स सोबतच येतात.

पायरी ८: या ओळींवर चालवून बघा

फंक्शन लिहून झालं की विभाजक ":" धरून, पहिल्या विभाजकापुढचं मागत, हे चालवा.

"वेळ:१०" वर "१०" यायला हवं.
"वेळ:१०:३०" वर "१०:३०". इथे "१०" किंवा "३०" आलं तर पायरी १ आणि ४ पुन्हा वाचा.
":१०" वर "१०". जावास्क्रिप्ट आणि पीएचपीतली शून्याची चूक इथे पकडली जाते.
"वेळ:" वर रिकामी स्ट्रिंग, एरर नाही.
"वेळ" वर तुम्ही ठरवलेलं "विभाजक नाही" हे उत्तर. "वेळ" परत आलं आणि तसं ठरवलेलं नसेल, तर −१ ची तपासणी राहिली आहे.
पूर्ण रिकामी स्ट्रिंग दिली तरी "वेळ" सारखंच उत्तर.
"वेळः १०" वरही तेच, कारण तो विसर्ग आहे.

फाईल ओळीओळीनं वाचत असाल तर विभाजक न सापडलेल्या ओळी नुसत्या सोडून देऊ नका. ओळीचा क्रमांक आणि ती ओळ लॉगमध्ये टाका. पायथनमध्ये ओळ थेट छापण्याऐवजी आस्की() मधून छापा. कॅरेज रिटर्न, न तुटणारी स्पेस आणि विसर्ग तिथे आपापल्या कोडसकट उघडे दिसतात. रेप्र() ही पहिल्या दोन गोष्टी दाखवतं, पण विसर्ग मात्र विसर्गासारखाच छापतं आणि तुम्ही पुन्हा त्याला कोलन समजून बसता.